तेवीस जणांचा एक नंबर

नरहरच्या हातून आयुष्यात एकच मोठं सत्कृत्य घडलं, आणि त्याची फळं तो यंदाच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, हायवेवरच्या जाम गावात एका पंचरच्या दुकानासमोर उभा राहून भोगत होता.

दुष्कृत्य असतं तर एवढा ताप झाला नसता. दुष्कृत्य करणारा माणूस निदान मागचापुढचा विचार तरी करतो. सत्कृत्य करणारा डोळे मिटून करतो, वर घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगतो, आणि बायको "बरं केलंत" म्हणून कणीक मळायला लागते. नरहरचं अगदी असंच झालं होतं.

वर्ध्यात नालवाडीच्या पुढे एक डाळ मिल आहे, तिथे नरहर एकतीस वर्षांपासून मोठा बाबू. हजेरी त्याच्याकडे, पगार त्याच्याकडे, आणि पीएफही त्याच्याकडे. म्हणजे तेवीस माणसांच्या पगारातून दरमहा थोडं कापायचं, त्यात मालकाचा वाटा घालायचा आणि त्यांच्या म्हातारपणासाठी ते पंधरा तारखेच्या आत सरकारकडे भरायचं. एकतीस वर्षांत नरहरनं पंधरा तारीख चुकवली नाही. सासऱ्यांची तेरवी नेमकी पंधरा तारखेला आली, तेव्हा तो पंगतीतून अर्ध्यावर उठून चलन भरून आला होता. पद्मा, म्हणजे त्याची बायको, ते अजून विसरलेली नाही. पण नरहर छाती काढून सांगायचा, "माझ्या लोकांचा पैसा एक दिवस उशिरा गेला नाही." गेला नाही हे खरंच. परत कसा यायचा, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता.

मग कधीतरी सगळं कॉम्प्युटरवर आलं. प्रत्येक खात्याला मोबाइल नंबर जोडा, आधार कार्डाला जोडा, पीएफला जोडा, असा हुकूम निघाला. मिलमध्ये आधारचा कॅम्प लागला. आता मिलमधल्या बायांजवळ कुठले मोबाइल? आणि गड्यांजवळ होते ते दर बाजाराच्या दिवशी बदलायचे, कारण छत्रीखाली बसलेला पोरगा नवं सिम फुकट द्यायचा. नरहरनं डोकं चालवलं. सगळ्यांना मिळून एकच नंबर द्यायचा, आणि तोही असा की जो कधी बदलणार नाही. स्वतःचा दिला असता, पण उद्या कोणी म्हटलं असतं की बाबू लोकांच्या पैशावर डोळा ठेवून आहे. म्हणून त्यानं पद्माचा दिला. पद्माचा नंबर अकरा वर्षं जुना होता. त्याच्याइतकं स्थिर त्यांच्या घरात दुसरं काही नव्हतं, अगदी नरहरचा रक्तदाबसुद्धा नाही.

पद्माच्या फोनवर दर महिन्याला तेवीस मेसेज यायला लागले. चार-पाच वर्षं तिनं ते सोसले. मग लेक शाल्मली पुण्याहून आली, तिनं आईला नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला. पद्मानं नवऱ्याला रीतसर विचारलं, "अहो, जुनं सिम बंद पडू देऊ का?" नरहर पेपर वाचत होता. तो म्हणाला, "हूं."

माणसानं पेपर वाचताना हूं म्हणू नये. ह्या एका हूंपायी तेवीस जणांचं म्हातारपण वाऱ्यावर गेलं, आणि नरहरला दोन वर्षं त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो तानाबाईच्या निवृत्तीनंतर. तानाबाई पवनारची. सव्वीस वर्षं मिलमध्ये डाळ पाखडली, निवडली. नवरा केव्हाच गेलेला, पोरगी लग्न होऊन गेलेली. एकतीस मार्चला मिलनं शाल, नारळ आणि एक पाकीट देऊन तिचा सत्कार केला. पाकीट तिनं त्याच संध्याकाळी नत्थूजीला बयाणा म्हणून दिलं. नत्थूजी तिच्या गल्लीतला, त्याच्याजवळ बिजली नावाची म्हैस होती. काळीभोर, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर देणारी. पीएफ आला की म्हैस घ्यायची, दूध डेअरीत घालायचं आणि कोणापुढे हात पसरायचा नाही, असं तानाबाईनं ठरवलं होतं. आणि नत्थूजीनं मे अखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

"मे कायले, तानाबाई," नरहर ऐटीत म्हणाला, "एप्रिलात म्हैस तुमच्या दारात."

त्यानं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मोनालीला फॉर्म भरायला सांगितला. फॉर्म भरला, शेवटी मोबाइलवर ओटीपी पाठवल्याचं दिसलं. शेवटचे चार आकडे बघून नरहरला बरंच वाटलं, घरचाच नंबर. त्यानं पद्माला फोन लावला.

"तुझ्या फोनवर सहा आकडे आले असतील, सांग."

"कोणत्या फोनवर? तो नंबर तर केव्हाचा गेला. तुम्हीच हूं म्हणाले होते."

मोनाली सांगते की बाबूंचा चेहरा तेव्हा भिजवून वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीसारखा झाला. नरहर म्हणतो, काही नाही, जरा गरमी होत होती.

त्यानं तो जुना नंबर लावला. फोन उचलला गेला, कारण कंपनीनं तो नंबर केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला होता.

"हॅलो, कैलास पंचर, जाम चौक, बोला."

"मी वर्ध्याहून बोलतो. तुमच्या मोबाइलवर आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल. तेवढा सांगता का?"

पलीकडून आवाज आला, "कोन बे तू? ओटीपी कोनालेच सांगाचा नाई, हे थे बाई मले रोज फोनात सांगते. आन तू म्हनतं सांग! लाज नाई वाटत काय? घरी मायबाप हायेत का नाई तुले?"

नरहरचे मायबाप दोघंही वारले होते, पण ते सांगायच्या आधी फोन कटला आणि नंबर ब्लॉक झाला.

एकतीस वर्षांत कोणी नरहरला अरे म्हटलं नव्हतं. एका मिनिटात तो चोर ठरला. तो पद्माच्या फोनवरून बोलला, तोही ब्लॉक. मोनालीच्या फोनवरून बोलला, तोही. संध्याकाळी शेजारच्या शोभाबाईंना ही भानगड कळली. शोभाबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे देशातल्या प्रत्येक सरकारी कागदावर आपला अधिकार आहे असं त्यांचं मत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सरकारी आवाजात बोलता, म्हणून तो घाबरतो. मायेनं बोलावं लागते. द्या इकडं." आणि आपल्या फोनवरून त्या मायेनं म्हणाल्या, "बेटा कैलास, मी शोभामावशी बोलते."

कैलास स्पीकरवर ओरडला, "आता गँगीत बुढ्या बी ठेवल्या काय बे?"

शोभाबाई तेव्हापासून नरहरशी बोलत नाहीत. त्यांना चोर म्हटल्याचं काही वाटलं नाही, बुढी म्हटल्याचं वाटलं.

मग दुसरा मार्ग. तानाबाईचा नंबर आधार केंद्रात जाऊन बदलायचा. सोपं काम, शंभर लोक रोज करतात. नरहर तिला घेऊन गेला. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला, मग दुसरा, मग एकेक करून दहाही बोटं. यंत्र दर वेळी नाही म्हणालं. केंद्रातल्या पोरानं तिची बोटं उजेडात धरून बघितली. सव्वीस वर्षं सुपात डाळ फिरवून त्यांच्यावरच्या रेघाच पुसून गेल्या होत्या. डोळे तपासू म्हणाला, तर एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर पट्टी. "मावशी, पट्टी निघाली का महिन्या-दीड महिन्यानं येजा," तो बिचारा म्हणाला.

तानाबाई आपल्या बोटांकडे बघत राहिली. "बाबू, हे बोटं तं मिलमध्येच गेले ना जी," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. पण नरहरला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मालकांचा पोरगा सुमीत हल्ली मिल बघतो. त्याला सांगावं म्हणून नरहर केबिनमध्ये गेला. सुमीतनं फोनमधून मान वर न करता ऐकून घेतलं. "काका, सगळ्यांचा नंबर एकच? आणि तोही काकूंचा?" मग तो हसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "तुम्हीच बांधलं, तुम्हीच सोडवा. आणि जामला जायचं असेल तर सुटी टाकून जा, हां."

तानाबाई मात्र रोज यायची. सकाळी दहाला पवनारहून ऑटोनं यायची, ऑफिसबाहेरच्या बाकावर पदरानं वारा घेत बसायची. "झालं का बाबू?" एवढंच विचारायची. नरहर "उद्या" म्हणायचा. ती मान डोलवून जायची आणि वाटेत बिजलीसाठी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घेऊन जायची. म्हैस नत्थूजीची, पण ढेप तानाबाईची. ती कधी चढ्या आवाजात बोलली असती तर नरहरला तिच्यावर चिडता आलं असतं. तेवढीही सोय त्या बाईनं ठेवली नाही.

शेवटी बावीस मेला नरहर आणि तानाबाई जामच्या एसटीत बसले. तिला अर्धं तिकीट लागलं, नरहरला पूर्ण. चूक आपली आणि तिकीटही आपलंच जास्त, हे त्याला न्यायाचं वाटलं, तरी मनाला लागलंच.

जामच्या चौकात, ट्रक थांबतात तिथे, टायरांच्या ढिगामागे कैलासचं दुकान. नरहरनं रुमालानं कपाळ पुसून नम्रपणे सुरुवात केली, "नमस्कार. मी वर्ध्याहून तुम्हाला फोन करत होतो, तोच."

"हाच थो!" कैलास पाना घेऊन उठला. "अरे याऽऽ, ओटीपीवाला चालून आला!"

पाच मिनिटांत चहावाला, दोन ट्रकड्रायव्हर आणि संत्रावाला असे चौघंजण जमले. कोणी नरहरची कॉलर धरली नाही, पण सगळ्यांची नजर कॉलरवरच होती. नरहरनं मिलचं ओळखपत्र दाखवलं. संत्रावाला म्हणाला, "असे कार्ड तं कोनीबी छापून आनते." तेव्हा तानाबाई टायरवर बसली आणि म्हणाली, "बावा, पानी पाज अगोदर. मंग मार त्याले."

कैलासनं मडक्यातलं पाणी दिलं. पाणी पिऊन तानाबाईनं सगळं सांगितलं. डाळ, बोटं, बिजली, ढेप, पद्माबाईंचा फोन. शेवटी म्हणाली, "थो नंबर तुह्याजवळ हाय ना बावा, त्याच्यात माह्या सव्वीस वर्साचा पैसा अडकून राह्यला."

कैलास खाली बसला. पाना बाजूला ठेवला. मग हळूच आत जाऊन एक शाळेची वही घेऊन आला. दीड वर्षापासून दर महिन्याला येणारे मेसेज त्यानं त्यात उतरवून ठेवले होते. तुमच्या खात्यात इतकी रक्कम जमा झाली. तेवीस मेसेज, दर महिन्याला, नाव कोणाचंच नाही.

"मले वाटलं हे पैसे माह्येच हायेत," तो म्हणाला. "एका शिबिरात फारम भरलता म्या. म्हटलं सरकारनं कारागिराइले काई चालू केलं असन. घरी बायकोले, गोपिकेले, सांगूनबी ठेवलं, म्हतारपनाची चिंता करू नको म्हनून." त्यानं वही मिटली. "म्हंजे त्यातलं माह्यं काईच नाई?"

नरहरला एकतीस वर्षांत कितीतरी लोकांना नाही म्हणावं लागलं होतं. कोणाची सुटी, कोणाची उचल. हे एक नाही त्याला म्हणता येईना. त्यानं नुसती मान हलवली.

कैलासनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. घाम असेल. मग फोन काढून तानाबाईच्या हातात दिला. "घे माय. तुह्यं तं घे."

इथं गोष्ट संपायला हवी होती. सरळ माणसाची गोष्ट इथंच संपते. पण ही नरहरची होती.

त्यानं मोनालीला फोन लावला, तिनं मिलमधून फॉर्म भरला, ओटीपी आला. कैलासनं वाचायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी एका ट्रकवाल्यानं हवेची नळी सोडली. फुर्रर्रऽऽ. मोनालीला तीनच आकडे ऐकू आले. दुसऱ्यांदा ओटीपी आला, आकडे नीट सांगितले, आणि मिलमधली लाइट गेली. तिसऱ्यांदा नरहरनं घाईनं स्वतःच वाचले, चष्मा घामानं धूसर झालेला, एक आकडा चुकला. आता उद्या प्रयत्न करा, असं उत्तर आलं.

"चोवीस तास," मोनाली म्हणाली. "आणि बाबू, उद्या मी नाही हो. उद्या माझा साखरपुडा आहे, तुम्हीच सुटी मंजूर केली."

मग रविवार. मग सोमवारी एसटी सुकळीपाशी बंद पडली, दुसरी गाडी येईपर्यंत दोघं एका निंबाखाली बसून राहिले, आणि पोचेपर्यंत कैलास ट्रकचा टायर बदलायला हिंगणघाटच्या रस्त्याला निघून गेला होता. फोन अर्थातच त्याच्या खिशात. मंगळवारी पुन्हा निघायचं ठरवून दोघं परतीच्या गाडीत बसले, आणि नरहरचा फोन वाजला. नत्थूजी होता.

"मोठे बाबू, तानाबाईजवळ फोन नाई म्हनून तुमाले लावला. तिले सांगजा, म्या बिजली इकली. सेलूचा गिराईक आलता, नगद देल्ले त्यानं. मायी पोरगी दवाखान्यात हाय, मले थांबता नाई आलं जी. बयाना वापस करतो म्हना."

"अहो, अजून सहा दिवस होते मे संपायला!"

"होते," नत्थूजी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता, म्हणून नरहरला त्याच्यावरही चिडता आलं नाही. त्या महिन्यात चिडायला त्याला माणूसच मिळाला नाही.

तानाबाई खिडकीशी बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. नरहरनं सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला आठवत नाही. ती म्हणाली, "ढेप लय आवडे बाबू तिले. त्या सेलूवाल्यानं देल्ली पायजे."

नरहर म्हणाला, "तानाबाई, माझं चुकलं." मोठ्यानं म्हणाला, चार लोकांनी मागं वळून पाहिलं. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे आवाजाचा अंदाज आला नाही.

"तुमचं काऊन चुकन?" ती म्हणाली. "तुमी तं माह्या भल्यासाठीच केलं." आणि नरहरला वाटलं, ह्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर घरी जाऊन झोप तरी लागली असती.

मंगळवारी काम झालं. तीन मिनिटांत. कैलासनं येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात दाखवून लांब थांबवलं, संत्रावाल्याला गप्प केलं, आणि एकेक आकडा मंत्र म्हणावा तसा म्हटला. जूनच्या मध्यावर त्याचाच फोन आला, पहिल्यांदा त्यानं नरहरला आपणहून लावलेला. "बाबू! तानाबाईचे पैसे पास झाले! मेसेज आला!" स्वतःचे आले असते तरी तो एवढा ओरडला नसता.

तानाबाईनं म्हैस घेतली. नत्थूजीनंच मनाला लागलं म्हणून शोधून दिली. पण ती बिजली नव्हती. तरुण आहे, पहिल्या वेताची, लाथ मारते, आणि दूध जेमतेम निम्मं. बाकीच्या बावीस जणांना नरहर आता एकेक करून आधार केंद्रात नेतो, स्वतःच्या सुट्या टाकून. चार झाले. अठरा अजून कैलासजवळ आहेत. ते सिम बंद पडू नये म्हणून दर महिन्याला त्याचा रिचार्ज नरहर मारतो, आणि पंधरा तारखेनंतर कैलास फोन करून कळवतो, "बाबू, अठराई आले बरं." मिलच्या पीएफची देखरेख सध्या अशी नालवाडी आणि जाम मिळून चालते.

जुलैत तानाबाई ऑफिसात आली, डब्यात खरवस घेऊन. नरहरनं घेतला. तोंडात टाकायची हिंमत होईना.

"बाबू, डेअरीत खातं काढलं म्या," ती म्हणाली. "दूध घातलं का मेसेज येते म्हने. किती लिटर, किती फॅट. त्यायनं नंबर मांगतला."

नरहरचा हात डब्यावरच थांबला. "मग? कोणाचा दिला?"

"तुमचा ना. दुसरा कोनाचा देऊ? पोरीचा तं सारखा बदलते." ती हसली. "तुमच्याइतका भरवशाचा मानूस कोन हाय माह्या वळखीत?"

रडावं की पाया पडावं हे न कळून नरहरनं खरवसाचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

त्या दिवसापासून त्याचा फोन सकाळी सात आणि संध्याकाळी सात, असा दोनदा वाजतो. परवा जेवताना वाजला. पद्मा म्हणाली, "कोणाचा?"

"तानाबाईच्या म्हशीचा."

"काय म्हणते?"

"अडीच लिटर."

बिजली असती तर पाच असते. हे पद्मालाही माहीत होतं, म्हणून तिनं त्याला आणखी वरण वाढलं. नरहरनं ताटावरून उठून डायरीत तारीख घालून अडीच लिहिलं, आणि मग जेवला.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जायच्या आधी तो मोबाइलच्या दुकानात गेला आणि आपल्या नंबरवर एकदम वर्षाचा रिचार्ज मारून आला. नोकरीची तीनच वर्षं उरली होती. पण म्हैस, नत्थूजीच्या म्हणण्याप्रमाणे, अजून दहा वर्षं तरी दूध देणार होती.